गाण्यांचे कप्पे मोडले. ऐकणाऱ्याचं काय झालं?

निशिगंधा (धागाकर्ती)

परवा भाचीने तिच्या मोबाईलवरची गाण्यांची यादी दाखवली. यादीचं नाव ‘रविवार सकाळ’. ओळीने काय होतं? किशोरीताईंचा ‘अवघा रंग’, कुठल्याशा हिंदी चित्रपटातलं सूफी वळणाचं गाणं, एक कोरियन, मग अजय-अतुल, आणि शेवटी एका जुन्या भावगीताचं ‘लो-फाय’ रूप, ज्यात मूळ गायिकेचा आवाज पावसाच्या आवाजामागे ढकललेला. म्हटलं, अगं, हे सगळं एका माळेत कसं? तर म्हणाली, “मावशी, सगळी शांत आहेत ना!”

‘शांत’ हा गाण्याचा प्रकार झालाय, हे मला तेव्हा कळलं.

आधीच सांगते, ‘हल्लीची गाणी’ छाप रडगाणं मला गायचं नाही. सरमिसळीशी वैर धरलं असतं तर मिरजेत वाढून नाट्यसंगीतावर प्रेम करता आलं नसतं. नाट्यसंगीत म्हणजे मुळात उचलाउचलच. १८८० साली किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यात साकी, दिंडी आणि कानडी वळणाच्या चाली शेजारी शेजारी नांदत होत्या. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूरबेकडच्या ठुमरी-कजरीचा बाज आणला. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी रागदारी अशी काही ओतली की ज्यांनी ख्यालाची बैठक कधी पाहिली नव्हती ते यमन गुणगुणायला लागले. आज तीच पदं आपण ‘शुद्ध’ म्हणून मिरवतो.

सिनेमाचं तर विचारायलाच नको. सी. रामचंद्र हे पुणतांब्याचे. १९४७ च्या ‘शहनाई’त त्यांनी ‘संडे के संडे’ करून ठेवलं. १९५१ च्या ‘अलबेला’त गोव्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट हाताशी घेतला आणि त्याच चित्रपटात पोरं झोपावीत अशी अंगाईही दिली. नाक मुरडणारे तेव्हाही होते. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी (तेही आपलेच, मराठी) आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केलं. श्रोत्यांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली.

तेव्हा मिसळणं जुनंच. मला वाटतं बदललाय तो ऐकणारा. रेडिओवर गाणं लागायच्या आधी गीतकार, संगीतकार, गायक यांची नावं कानावर पडायची, हवी असोत वा नसोत. त्यातून वाट फुटायची. खळेकाकांचं एक गाणं आवडलं की त्यांची बाकीची शोधायची, ते करताना एखादा कवी हाती लागायचा. आता गाणं कुठून आलं ते कळायच्या आत पुढचं सुरू. भाचीला ‘अवघा रंग’ हा अभंग फार आवडतो. तो सोयराबाईंचा आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. तेही ठीक. पण अभंग ‘कुणाचा तरी’ असतो, हा प्रश्नच तिला कधी पडला नव्हता.

तुमचं काय होतं? गाणं आवडलं की पुरे, की ते कुठल्या घरचं हेही लागतं?

भोंगा

आला, ‘आमच्या वेळी’ धागा आला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

काळी_दोन

चांगला विषय. मी गेली कित्येक वर्षं हळदी, गणपती, नवरात्र यांना बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. स्टेजवरून जे दिसतं ते सांगतो.

आमच्याकडे आता ताल धरायला एक ऑक्टोपॅडवाला (विजेवरचं तालवाद्य वाजवणारा) असतो. पॅडच्या एका खणात हलगी, एकात ढोलकी, एकात ताशा, एकात संबळ. संबळ खरा पाहिलाय कुणी? दोन छोटी भांडी कमरेला बांधलेली, एकावर वाकडी काठी पडते, आणि तो ठेका लागला की देवीचा गोंधळ आलाच. माझ्या लहानपणी नुसता तो आवाज आला तरी घरातल्या म्हाताऱ्या पदर सावरून बसायच्या, एखादीच्या अंगात यायचं. आता तोच आवाज पॅडमधून निघतो आणि हळदीच्या गाण्यात भरणा म्हणून जातो. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. ढोलकीचंही तेच. पूर्वी ढोलकीवर लावणीची तोड पडली की बाया नाचायच्या थांबायच्या आणि पुरुष शिट्ट्या मारायचे. आता सगळे एकत्र नाचतात. हे बरं झालं की वाईट, मी नाही ठरवत. पैसे नाचण्याचे मिळतात.

दुसरं एक. फर्माईश करायची पद्धत बदलली. पूर्वी लोक मुखडा म्हणून दाखवायचे किंवा सिनेमाचं नाव सांगायचे. आता मोबाईल पुढे धरतात, त्यात रील, त्यातला पंधरा सेकंदांचा तुकडा. तेवढं वाजवलं की आरडाओरडा. अंतरा सुरू केला की पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, कारण अंतरा त्यांनी ऐकलेलाच नसतो! म्हणून आम्हीही अंतरे गाळून एका मुखड्यातून दुसऱ्यात शिरतो. कोळीगीत, मग भांगडा, मग देवीचं, मग परत कोळीगीत. लय एकच ठेवायची, बाकी काहीही चालतं.

अपूर्णविराम

@निशिगंधा काकू, राग मानू नका, पण मी तुमच्या भाचीच्या वयाची आहे आणि मला उलटा अनुभव आहे.

मला लावणी सापडली ती एका रीलमुळेच. खाली धबडधबड बीट, वर कुणीतरी बाई गातेय, आणि तिचा आवाज त्या बीटला अजिबात जुमानत नाहीये. शोधत गेले तर वाईच्या यमुनाबाई वाईकर निघाल्या. मग बैठकीची लावणी म्हणजे काय ते कळलं. नाचून धुरळा उडवायचा नाही, बसून एकेक शब्द फुलवायचा, ठुमरीसारखा. तिथून मी खऱ्या ठुमरीकडे गेले. तुमच्या काळच्या घरात मला हे मिळालं असतं? आजी सांगते, त्यांच्याकडे रेडिओवर लावणी लागली की पणजोबा कान पिळायचे. रेडिओचा.

आणि मिसळणाऱ्यांना काही कळत नाही असंही नाही. स्वदेशी या मुंबईच्या रॅपवाल्यांनी आरेच्या जंगलाच्या प्रश्नावर प्रकाश भोईरांना बरोबर घेऊन वारलींचं गाणं केलंय, ऐका. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ आलं तेव्हा माझ्या वर्गातली मराठी न येणारी पोरं ते मराठीत ओरडत होती.

निळाई

अपूर्णविराम यांना +१. आणि थोडं कडू बोलते.

कप्प्यांची आठवण काढून हळवं होण्याआधी ते कप्पे कशाचे होते ते बघू या. प्रल्हाद शिंदे घ्या. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ त्यांचं. सत्यनारायणाची कथा त्यांच्याच आवाजात, ती तर पूजेच्या मांडवात महाराष्ट्रभर वाजली. त्याच गळ्याने कव्वाल्या गायल्या, भीमगीतं गायली. आमच्या वस्तीत हे सगळं एकाच कर्ण्यावरून एकामागून एक वाजायचं, त्यात कुणाला काही विचित्र वाटत नसे. पण शाळेतल्या मैत्रिणींच्या घरी कथेची कॅसेट असायची, पंढरीची असायची, भीमगीतांची नसायची. आवाज तोच! म्हणजे कप्पा गळ्यावरून पडत नव्हता, चालीवरूनही पडत नव्हता. कशावरून पडत होता ते इथे सगळ्यांना कळतं.

आणि भीमगीतं ही तर सरमिसळीची खाणच. वामनदादा कर्डकांची गाणी जलशातून आली, त्यांत लोकगीत आहे, कव्वालीचा सवाल-जवाब आहे, सिनेमाच्या चालीही आहेत. माणसांपर्यंत पोचायचं होतं, ज्या चालीवर पोचेल ती चाल घेतली. आम्हाला कुणी शुद्धतेचं प्रमाणपत्र मागितलं नाही आणि आम्हीही मागितलं नाही.

ह्यूस्टनकर

निळाई, तुमचं वाचून इथलाच इतिहास आठवला, म्हणून लिहितो.

अमेरिकेत १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्यांच्या गाण्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या गाण्यांना ‘हिलबिली’ असं नाव दिलं. गाणी पुष्कळदा सारखीच, कधी कधी तीच. बेंजोसुद्धा (तुमचा नव्हे, काळी_दोन, तारांचा लांब दांड्याचा) आफ्रिकेतून आलेल्या लोकांचं वाद्य, पण तो ‘गोऱ्या’ संगीताची खूण होऊन बसला. १९४९ मध्ये बिलबोर्ड मासिकाने ‘रेस’ काढून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. भिंत तीच, नुसता रंग बदलला.

२०१९ मध्ये लिल नॅस एक्स या काळ्या पोराच्या ‘ओल्ड टाउन रोड’चा किस्सा झाला. खाली रॅपचा ठेका, वर घोडे आणि काउबॉय. ते आधी कंट्रीच्या यादीत आलं आणि ‘हे पुरेसं कंट्री नाही’ म्हणून बिलबोर्डने काढून टाकलं. पुढे तेच गाणं सर्वसाधारण यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं. आणि आमच्या ह्यूस्टनची बियॉन्से, तिला २०२५ मध्ये सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. इथे कित्येकांना अजून पचलेलं नाही.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), इथल्या मराठी मंडळात दुसरीच गंमत. पोरांना ‘झिंगाट’ पाठ. हलगी म्हणजे काय, माहीत नाही. ‘सैराट’साठी अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला येऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. इथल्या पोरांना त्यातला वाद्यवृंद ओळखीचा वाटतो आणि हलगी परकी. आणि भूपाळी असो, लावणी असो की पोवाडा, त्यांच्या लेखी सगळं एकच, ‘आईबाबांची गाणी’.

भोंगा

‘आईबाबांची गाणी’ आवडलं. ग्रॅमीवाल्यांना कळवा, नवा विभाग.

टाळकरी

रामकृष्णहरी मंडळी. आमच्याकडचं सांगतो. आळंदीच्या बाजूला असतो, सप्ताहाला टाळ घेऊन उभा राहतो.

आमच्यात अभंगाला चाल असते तशी वेळही असते. पहाटे काकडा, त्याच्या चाली वेगळ्या. संध्याकाळी हरिपाठ, पावली खेळत. भजनाला उभं राहिलं की आधी ‘जय जय रामकृष्णहरी’, मग रूपाचा (देवाच्या रूपाचं वर्णन करणारा) अभंग, पुढं पुढं सरकत गौळण, शेवटाला भैरवी. कुठं आहोत ते डोळं मिटूनसुद्धा कळतं. भीमसेनजींनी ‘संतवाणी’ गायली तेव्हा अभंग मैफलीत गेला, त्यानं आमचं काही बिघडलं नाही, उलट चार माणसं जास्त आली. आता ‘अभंग रिपोस्ट’सारखे पोरांचे बँड गिटारीवर गातात. ऐकलंय मी. मन लावून गातात, खोटं कशाला बोलू.

अडचण दुसरीकडं होते. सप्ताहात नवी पोरं येतात, चिठ्ठी पाठवतात, ‘अमुक अभंग अमुकच्या चालीत घ्या.’ महाराज रूपाच्या अभंगावर असतात आणि चिठ्ठी भैरवीची! पोरांना वाईट वाटतं, आपलं ऐकलं नाही म्हणून. त्यांनी तो अभंग एकटा ऐकलाय, कानात बोंडं घालून. त्याच्या आधी काय येतं, नंतर काय येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. चुकी त्यांची नाही. आम्ही पण कुठं सांगतो?

बिनतारी

तांत्रिक बाजू मांडतो, पोटापाण्यासाठी हेच करतो (कुठे ते विचारू नका).

‘पुढचं गाणं’ निवडणाऱ्या यंत्राला गाणं कळत असतं असा समज आहे. थोडंफार आवाजाचं विश्लेषण होतं: लय किती, ताल ठळक आहे का, वाद्यं जास्त की गळा. पण मुख्य भरवसा ऐकणाऱ्यांवर असतो. हे गाणं ऐकणारे आणखी काय ऐकतात, कुठे थांबतात, कुठे पुढे ढकलतात. म्हणजे हजारो लोकांनी रविवारी सकाळी अभंगानंतर लो-फाय ऐकलं तर यंत्राच्या दृष्टीने ते शेजारी. तिथे सोयराबाईंचा संबंध येत नाही.

गंमत म्हणजे कप्पे मोडले हेही अर्धंच खरं. स्पॉटिफायमध्ये ग्लेन मॅक्डॉनल्ड नावाचा माणूस होता, त्याने ‘एव्हरी नॉइज अॅट वन्स’ नावाचा नकाशा केला होता, त्यात सहा हजारांच्या आसपास संगीतप्रकार होते. ऐकणाऱ्यासाठी कप्पे गेले, यंत्रासाठी वाढले. आपल्याला दाखवत नाहीत इतकंच.

मराठीचे हाल वेगळे. एकाच गायकाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं, संगीतकाराच्या जागी कॅसेट कंपनी, गीतकार पुष्कळदा गायबच. मराठी ही भाषा, पण माहिती भरणाऱ्याने तोच ‘प्रकार’ म्हणून टाकून दिलेला. त्यामुळे नाट्यपद आणि बेंजोवरचं नॉनस्टॉप एकाच टोपलीत. निशिगंधाताई, तुमची भाची श्रेयनामावली शोधायला गेली असती तरी तिथे काही सापडलं असतं की नाही, शंका आहे.

रापणकार

उशिरा आलंय, पण ह्या सगळ्यात आमची डबलबारी कशी काय रवली?

मालवणाकडची, भजनाची जुगलबंदी. दोन बुवा, दोन पेट्या, समोरासमोर, रात्रभर. आधी रूपावली, अभंग, गौळण, सगळं रीतसर. मग गजर सुरू झालो की बुवा सिनेमाच्या चालीवर विठ्ठलाक नाचवतत. कालच्या शुक्रवारी आलेल्या पिक्चरचं गाणं उद्याच्या बारीत गजर होऊन येता. आणि मांडवातली माणसं अशी काही उसळतत म्हणून सांगू!

आता माझा मुद्दा (मराठीत येतो). माणसं उसळतात कारण त्यांना दोन्ही ओळखता येतात. मूळ गाणं माहीत आहे, त्यातला हिरो-हिरॉइनचा चावटपणा माहीत आहे, आणि बुवाने त्या जागी नेमका ‘पांडुरंग’ कसा बसवला हेही दिसतं. पेटीवाला मध्येच मूळ गाण्याचा वाद्यांचा तुकडा टाकतो, तेव्हा म्हातारेसुद्धा हसतात. ज्याला गाणं माहीत नाही त्याला तो नुसता एक गजर. ज्याला भजन माहीत नाही त्याला नुसती सिनेमाची चाल. मिसळीची चव पाव कुठला नि कट कुठला हे जिभेला कळतं तोवरच.

काळी_दोन यांच्या संबळाचं हेच झालंय ना? ठेका आहे, पण गोंधळ कधी पाहिलेलाच नाही.

निशिगंधा

रापणकार, हे मी चार परिच्छेदांत सांगू पाहत होते, तुम्ही एका गजरात सांगितलंत.

निळाई, तुमचं म्हणणं बाजूला सारता येणार नाही. भिंती पडल्याचं मला दुःख नाहीच. पण एक विचारते. तुमच्या मैत्रिणींच्या त्या घरात आज भीमगीत पोचलं तर ते काय म्हणून पोचतं? त्या ‘शांत’सारख्याच दुसऱ्या एखाद्या यादीत, ‘जोश’ नावाखाली, व्यायामशाळेत धावपट्टीवर? तिथे ऐकणाऱ्याला वामनदादा भेटतात का? भिंत पडली आणि तिच्यावरची पाटीही पडली, असं झालं तर पलीकडे कोण राहत होतं हे कळणार कसं?

निळाई

धावपट्टीवर का होईना, वाजू दे. आधी कानावर पडू दे, मग नाव विचारतील. अपूर्णविरामने विचारलंच ना? तुम्हाला पाटीची काळजी आहे, कारण तुमच्या पाटीवर नाव चांगलं लिहिलेलं होतं. आमच्या पाट्या दुसऱ्यांनी लिहिल्या होत्या.

तरी वामनदादांचं नाव प्रत्येक गाण्याखाली लिहिलं जावं, ह्यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. बिनतारी, हे कुणाला सांगायचं असतं?

बिनतारी

ज्या कंपनीकडे ध्वनिमुद्रणाचे हक्क आहेत, ती माहिती पाठवते. अॅपवाले स्वतःहून गीतकार भरत बसत नाहीत. कंपनीला लेखी कळवायचं, पुरावा म्हणून जुन्या कॅसेटच्या वेष्टणाचा फोटो जोडायचा. काही वेळा दुरुस्ती होते. वेष्टणं जपून ठेवली असतील कुणी, तर स्कॅन करा, हे खरंच उपयोगी काम आहे.

भोंगा

आता जरा सिरीयस. माझ्या वडिलांचं एसटी स्टँडसमोर कॅसेटचं दुकान होतं, त्यामुळे कप्पे काय असतात ते मी स्टुलावर चढून पाहिलंय. वरच्या फळीवर शास्त्रीय आणि नाट्यगीतं, धूळ खात. मधे भावगीतं, भक्तिगीतं. खाली लोकगीतं, लावण्या, भीमगीतं. जयंती आली की भीमगीतं वर यायची, श्रावणात भक्तिगीतं.

आनंद शिंदेंची ती पोपटाची कॅसेट आली तेव्हा बाबांना ती कुठे ठेवावी कळेना. लोकगीत म्हणावं तर तसं नाही, सिनेमा नाही, लावणी नाही. दोन दिवस इकडून तिकडे फिरवली. शेवटी गल्ल्याशेजारी एक खोकं ठेवलं आणि त्यावर लिहिलं ‘चालू माल’. नंतर त्या खोक्यात काय काय गेलं विचारू नका. रिमिक्स, कोळीगीतांचे नॉनस्टॉप, विनोदी कथाकथन. दुकान चाललं ते त्या खोक्यावर. वरच्या फळीला हात लावणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं, आणि ते हटकून तासभर बोलत बसायचं, पण घ्यायचं एकच.

वेष्टणं आहेत माझ्याकडे. दोन पोती. कॅसेटी टाकून दिल्या, पण आईने कागद रद्दीला घालू दिले नाहीत.

निळाई

भोंगा!! दोन पोती? त्यात भीमगीतांची किती असतील? मी स्कॅन करायला येते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

ह्यूस्टनकर

रापणकार, डबलबारीची एखादी चांगली बारी सुचवा की, पूर्ण, तुकडा नको. आमच्या गणपतीत मोठ्या पडद्यावर लावतो.

रापणकार

पूर्ण बारी सहा तासांची होता, तुमचे लोक बसतले? व्यनि करतंय. आधी मूळ सिनेमातली गाणी ऐकवा पोरांका, नायतर हसतले कोणाक?